बार्सिलोना ते मायामी, चौदा रात्री: पहिल्या क्रॉसिंगला निघण्याआधी

प्रश्न ठाण्याहून आला आहे. घोडबंदर रोडला राहणारं निवृत्त जोडपं, वय ६४ आणि ६०, दोघंही शाकाहारी, मुलगी न्यू जर्सीला. ऑक्टोबरअखेर बार्सिलोनाहून निघून मायामीला पोहोचणारी १४ रात्रींची रिपोझिशनिंग क्रूझ, म्हणजे मोसम बदलताना जहाज अटलांटिकपलीकडे नेण्याची फेरी, त्यांनी हेरून ठेवली आहे. भाव इतका कमी कसा, वहिनींना गाडी लागते तर बोट किती लागेल, सलग सात-आठ दिवस जमीन दिसणार नाही तेव्हा करायचं काय, आणि व्हिसाचं नेमकं कसं, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी नेरूळला राहतो. १९९६ मध्ये केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा, म्हणून पहिल्यांदा साइन ऑन केलं आणि २०१९ मध्ये गेस्ट सर्व्हिसेसच्या डेस्कवरून शेवटचं साइन ऑफ. नोकरीत अटलांटिक बऱ्याच वेळा ओलांडला, निवृत्तीनंतर बायकोला घेऊन प्रवासी म्हणून दोनदा. त्यामुळे खाटेच्या दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी भावाचं. उन्हाळ्यात क्रूझची जहाजं भूमध्य समुद्रात आणि उत्तर युरोपात धंदा करतात, हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये. म्हणून एप्रिल-मेमध्ये ती अमेरिकेकडून युरोपला येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत जातात. जहाज रिकामं नेलं तरी तेल जळणारच, खलाशांचा पगार द्यावा लागणारच. मग केबिन स्वस्तात विकून माणसं सोबत घेतलेली बरी, असा तो साधा हिशेब. भाव कमी आहे म्हणून जहाज जुनं किंवा सेवा हलकी, असं अजिबात नाही. तेच जहाज, तेच आचारी, तोच स्टुअर्ड. साउथहॅम्प्टन ते न्यू यॉर्क जाणारं क्वीन मेरी २ मात्र वेगळं प्रकरण आहे. २००४ पासून ते जहाज मुळात अटलांटिक ओलांडण्यासाठीच चालतं, साधारण सात रात्रींत. तुम्ही विचारताय ते ते नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. ही सहल बंदरं बघायची नाही. जहाज आपल्या कामाला निघालंय आणि तुम्ही त्याच्यासोबत निघालाय. १४ रात्रींत बंदरं चार, फार तर पाच. बाकी पाणी. ‘तेवढ्याच पैशात सहा देश होतात’ असा विचार मनात येत असेल तर युरोपची बसची टूर घ्या, ती चांगली असते. पण समुद्र बघायला जायचं असेल, तर याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही.

दिशा तुम्ही योग्य निवडली आहे. युरोपहून अमेरिकेकडे जाताना घड्याळ सहा-सात रात्री एकेक तास मागे जातं. म्हणजे तेवढे दिवस २५ तासांचे. नोकरीत मी संध्याकाळी खाट आवरताना उशीवर ‘आज रात्री घड्याळ एक तास मागे करा’ असं कार्ड ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरे बघितले की कळायचं माणसं किती निवांत झोपलीत. उलट दिशेला, वसंतात युरोपकडे येताना, दिवस २३ तासांचा होतो. चौथ्या दिवशी लोक नाश्त्याला जांभया देत येतात. काही जहाजं म्हणूनच तो तास रात्री न कापता दुपारी बारा वाजता कापतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने पश्चिमेकडेच जावं, हे माझं ठाम मत.

दुसरं कारण वाऱ्याचं. कॅनरी किंवा मदेराच्या आसपासून पुढे दक्षिणेकडचा मार्ग धरला की ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे पाठीशी लागतात. १४९२ मध्ये कोलंबस कॅनरी बेटांवरून निघाला तो याच वाऱ्यांच्या भरवशावर, आणि परतताना मात्र तो उत्तरेला सरकून अझोर्सवरून आला. जहाज ज्या दिशेला चाललंय त्याच दिशेला वारा वाहत असला की डेकवर तो जवळपास जाणवतच नाही, आणि दर दिवशी हवा थोडी थोडी उबदार होत जाते. बार्सिलोनाला स्वेटर घालून चढलेली माणसं आठव्या-नवव्या दिवशी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरतात.

वहिनींच्या प्रश्नाला जरा वेळ देतो. गाडी लागणाऱ्या माणसाला बोट लागेलच असं नाही. घाटातली एसटी आणि तीनशे मीटर लांबीचं जहाज यांच्या हालण्यात फार फरक आहे. मांडव्याच्या लाँचमध्ये पोटात ढवळतं ते तिच्या भराभर, आखूड हिसक्यांनी. मोठं जहाज सावकाश डोलतं, एका बाजूला जाऊन परत यायला त्याला बरेच सेकंद लागतात. काहींना हे डोलणं झोप आणतं. क्वचित कुणाला लाँच चालते आणि हे संथ डोलणंच सोसत नाही. म्हणून मांडव्याला जाऊन परीक्षा घेऊ नका. हिवाळ्यात मुंबईहून गोव्याला जाणारी दोन-तीन रात्रींची क्रूझ करून बघा असंही लोक सुचवतात. जहाजावरचं जेवण, केबिन, गर्दी यांची सवय व्हायला ती चांगली, पण बोट लागते का हे तिच्यावरून कळणार नाही. त्या दिवसांत अरबी समुद्र ताटासारखा असतो.

जहाजाच्या पोटाजवळ दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर. समुद्र खवळला की ते बाहेर काढतात. त्यांनी डावी-उजवीकडचं डोलणं बरंच आटोक्यात येतं, पण नाक वर-खाली होणं त्यांच्याने थांबत नाही. म्हणून केबिन कुठे घेता याला महत्त्व आहे. सी-सॉची मधली जागा आठवा. लांबीच्या मध्यावर, आणि खालच्या मजल्यांपैकी एकावर. नाकाकडची आणि शेपटीकडची स्वस्त केबिन दिसली तरी वहिनींसाठी ती घेऊ नका.

गोळीबाबत एकच सूत्र: मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची. आपल्याकडे ॲव्होमिन सहज मिळते. पण तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. निघण्याआधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना नेहमीच्या गोळ्यांची यादी दाखवा आणि त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बाकी उपाय साधे. पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडी बिस्किटं आणि हिरवं सफरचंद खायचं (जहाजावर मागितलं की मिळतं), आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवायच्या, केबिनमध्ये पडून मोबाइल बघत बसायचं नाही, उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे नजर लावायची.

एक खूण सांगतो. जिन्यांच्या कठड्यांवर कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या की हवामान बिघडणार हे कर्मचाऱ्यांना आधीच कळलेलं असतं. आम्हीच त्या खोचायचो. ती गोळी घ्यायची वेळ. रात्री कपाटातले हँगर एकमेकांवर टकटक आपटायला लागले तर ते काढून खाली ठेवा, त्यांच्यात टॉवेल कोंबा. झोप मोडते ती लाटेने कमी आणि त्या टकटकीने जास्त.

भीतीचं म्हणाल तर अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, हे खरं. पण वादळ कुठे आहे आणि कुठे सरकतंय हे कॅप्टनला कितीतरी आधी कळतं, आणि जहाज बहुतेक वेळा वादळापेक्षा जोरात पळतं. तो वाट वाकडी करतो. त्यात एखादं बंदर गळतं. अझोर्सचं बंदर हवामानापायी हुकणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा फक्त बंदराचे कर परत मिळतात, भरपाई नाही. हे मनाशी धरूनच निघा.

आता व्हिसा. इथे चूक झाली तर दुरुस्ती नाही, म्हणून सावकाश वाचा.

भारतीय पासपोर्टवर तुम्हाला अमेरिकेचा बी१/बी२ (पर्यटकांचा) आणि शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) असे दोन्ही व्हिसा बार्सिलोनात जहाजावर चढण्याआधी हातात लागतात. ‘मायामीला उतरल्यावर बघू’ असं काही नसतं. अमेरिकेचा व्हिसा आधी. मुलगी तिकडे आहे म्हणजे तो तुमच्याकडे असेलही. असेल तर आज कपाटातून पासपोर्ट काढा आणि तारीख बघा. जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर तो चालतो, फक्त दोन्ही पासपोर्ट सोबत हवेत. नसेल, तर बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात. तो हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका. क्रूझच्या अनामत रकमेत परत मिळणारी आणि न मिळणारी असे दोन प्रकार असतात, थोडी महाग असली तरी परत मिळणारी घ्या.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सोबत किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते मुक्काम कुठे जास्त यावर ठरतं, सारखा असेल तर पहिला प्रवेश जिथे होणार त्या देशाकडे. तुमच्या बाबतीत बहुधा स्पेन. आणि मल्टिपल एंट्रीच मागा. कारण सांगतो. मदेरा आणि अझोर्स पोर्तुगालचे, कॅनरी बेटं स्पेनची, तिन्ही शेंगेनमध्येच. पण मध्ये जहाज मोरोक्कोत थांबलं, तर तुम्ही शेंगेनबाहेर पडलात आणि पुढच्या बंदरात पुन्हा आत आलात. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे अडतो. वेळापत्रकात असं बंदर आहे का ते बघा. नसलं तरी मल्टिपल मागण्यात नुकसान नाही.

अर्जासोबत एक पानभर पत्र जोडा. अर्ज तपासणाऱ्याला युरोपात येणारं विमान दिसतं आणि युरोपातून जाणारं दिसत नाही. ‘आम्ही अमुक तारखेला अमुक बंदरातून जहाजाने शेंगेन सोडणार, अमुक तारखेला मायामीला उतरणार, तिथून मुंबईला परतीचं हे विमान’ असं तारखांसह स्पष्ट लिहा आणि क्रूझच्या बुकिंगची, संपूर्ण मार्गाची प्रत लावा. जहाज साउथहॅम्प्टनहून सुटणारं असतं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागला असता.

बार्सिलोनाच्या टर्मिनलवर एकदा मी चेक-इनला मदत करत होतो. भारतातून आलेलं एक जोडपं, सामानाला टॅग लागलेले, गळ्यात पासपोर्टच्या पिशव्या. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा जहाज पोहोचायच्या नऊ दिवस आधी संपत होता. चढण्याच्या दिवशी तो चालू होता, म्हणून त्यांच्या एजंटाने त्यांना ‘चालतंय’ म्हणून सांगितलं होतं. व्हिसा अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी चालू लागतो. मी मराठीत समजावत होतो आणि त्या काकू एकच विचारत होत्या, ‘मग आता आम्ही कुठे जायचं?’ संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा ते दोघं टर्मिनलच्या बाकावर बॅगांपाशी बसलेले होते. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी पहिल्यांदा तारीख विचारतो.

विमानाचं थोडक्यात. मुंबई–बार्सिलोना आणि मायामी–मुंबई असं एकाच तिकिटावर ‘मल्टि-सिटी’ म्हणून काढा. दोन सुटी एकेरी तिकिटं बहुतेक वेळा महाग पडतात. जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी, तुमच्या वयात दोन दिवस आधी, बार्सिलोनात पोहोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही, आणि हरवलेली बॅग समुद्रात तुमच्या मागे येत नाही. मायामीला उतरल्यावर मुलीकडे जाणार असाल तर त्या दिवशीचं विमान दुपारी एकच्या पुढचं घ्या. उतरणं सकाळी सुरू होतं, पण इमिग्रेशनची रांग किती ते कुणाच्या हातात नसतं. आणि अमेरिकेतल्या देशांतर्गत विमानात बॅगेचे वेगळे पैसे पडतात, वजनाची मर्यादाही कमी असते. जहाजावरची फळं खिशात घालून उतरू नका. तिथे त्यावर दंड होतो.

केबिनबाबत बोट लागण्याखेरीज दोन गोष्टी. डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक असेल ती केबिन टाळा. पहाटे पाच-साडेपाचला आमची पोरं तिथे खुर्च्या ओढून रांगेत लावतात, तो खरखराट थेट खाली येतो. नकाशात वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील असा मजला निवडा. दुसरं, पश्चिमेकडे जाताना दक्षिण डाव्या हाताला येते. नोव्हेंबरात ऊन त्याच बाजूला. बाल्कनी घेणार असाल तर डावीकडची घ्या. आतली, बिनखिडकीची केबिन सगळ्यात स्वस्त आणि झोपेला उत्तम, पण पहिल्या क्रॉसिंगला मी ती घ्या म्हणणार नाही. सकाळी डोळे उघडल्यावर पाणी दिसलं पाहिजे. निदान खिडकी घ्या.

शाकाहाराची काळजी करू नका, फक्त आधी कळवा. बुकिंग झाल्यावर दीड-दोन महिने आधी ‘इंडियन व्हेजिटेरियन’ अशी नोंद करून घ्या. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहिलंत तर पास्ता आणि भाजलेल्या भाज्याच येत राहतील. पहिल्या रात्री जेवणघरात हेड वेटरला भेटा आणि रोज रात्री दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवा. भटारखान्यात गोव्याचा, कोकणातला किंवा केरळचा कुणी ना कुणी असतोच. कामगारांच्या मेसमध्ये वरण-भात रोज शिजतो. प्रेमाने मागितलंत तर पाचव्या दिवशी लोक पाव-बटर खात असताना तुमच्यापुढे फोडणीचं वरण येतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. घरून न्यायचं ते दुकानातलं, कारखान्यात सीलबंद केलेलं. डब्यातलं घरचं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. दिवाळी या दिवसांत येऊ शकते, म्हणून सांगतो: पणती, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवायचं नाही. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. सेलवरचे दिवे न्या. चहासाठी इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्रीही नेऊ नका, सामान तपासतानाच काढून घेतात.

औषधं मात्र दुप्पट न्या. मधुमेह, रक्तदाब, जे काही असेल त्याच्या ३० दिवसांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून. जहाजावर डॉक्टर असतो, ईसीजी, ऑक्सिजन, साध्या तपासण्या होतात, पण शस्त्रक्रिया होत नाही. आणि अटलांटिकच्या मधल्या टप्प्यात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. जहाज जमिनीच्या टप्प्यात येईपर्यंत जे आहे त्यावर भागवावं लागतं. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असेल, श्वासाचा त्रास बळावलेला असेल, तर हे वर्ष सोडा. हे मी कळकळीने सांगतो. डेस्कवर असताना रात्री तीन वाजता नातेवाइकांना ‘किनारा किती लांब आहे’ याचं खरं उत्तर देण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

डॉक्टरांचं बिल डॉलरमध्ये तुमच्या खात्याला लागतं आणि ते तिथेच भरावं लागतं, विम्याचा दावा नंतर. तेव्हा शेंगेनपुरता विमा पुरत नाही. अमेरिका धरून, क्रूझ धरून आणि इस्पितळापर्यंत हलवण्याचा खर्च धरून पॉलिसी घ्या आणि जुने आजार लपवू नका. आणखी एक साधी गोष्ट: जेवणाआधी हात साबणाने धुवा. दारातला सॅनिटायझर पुरत नाही. जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसला तो नीट मारत नाही.

पैशांचा हिशेब करताना लक्षात ठेवा, जाहिरातीतला भाव दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो. त्यावर बंदरांचे कर. मग रोजची टिप, जी बहुतेक अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप खात्याला लावतात. १८ धरली तर दोघांचे १४ दिवसांचे ५०४ डॉलर. ती काढून टाकायला डेस्कवर येणारे लोक असतात. कृपा करून तसं करू नका. स्टुअर्ड आणि वेटर यांच्या घरी जाणाऱ्या पैशात तिचा वाटा मोठा असतो. वायफाय हल्ली बरंच चांगलं झालंय पण महाग आहे. एकच फोन जोडा, आणि जहाज सुटताच दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या मोबाइल नेटवर्कचं बिल येतं. मुंबईच्या एजंटाकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, विवरणपत्र भरताना तो वळता करता येतो.

आता शेवटचा प्रश्न, सात-आठ दिवस करायचं काय. जहाज साधारण १८ नॉट वेगाने जातं, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर टीएमटीची बस जाते तेवढंच. पण ते रात्रंदिवस थांबत नाही. २४ तासांत ४३२ सागरी मैल, म्हणजे ८०० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तो रोज एकदा संपवून वर शंभर. तरीही खिडकीबाहेर काहीच बदलत नाही. पहिले दोन दिवस लोक व्याख्यानं, प्रश्नमंजूषा, नाच, नाटक यांची छापील यादी घेऊन धावतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम एक पोकळी येते, चिडचिड होते, ‘कशाला आलो’ वाटतं. हे जवळपास सगळ्यांचं होतं, वर्षानुवर्षं मी पाहिलं. एक दिवस थांबा. त्यानंतर अंगातली घाई उतरते. मग माणूस तासभर नुसता पाण्याकडे बघू शकतो, आणि बघण्यासारखं असतंही. उडणारे मासे थव्याने निघतात आणि लाटेच्या माथ्यावरून लांबवर तरंगत जातात. पिवळसर सरगॅसम शेवाळाचे लांब पट्टे वाऱ्याच्या रेषेत लागतात. अझोर्सच्या आसपास देवमासे दिसतात.

माझी बायको नेरूळच्या शाळेत भूगोल शिकवायची. निघताना तिने स्टेशनरीच्या दुकानातून जगाचे कोरे नकाशे घेतले, मुलांना परीक्षेसाठी देतात तेच. रोज दुपारी बारा वाजता कॅप्टन ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतून, बोलतो: अक्षांश, रेखांश, वारा, समुद्राचं तापमान, तळाची खोली. ती पेन्सिल घेऊन बसायची आणि एक ठिपका द्यायची. चारच बोटांचं अंतर, त्यावर रोज अर्ध्या सेंटिमीटरने सरकणारा ठिपका. सहाव्या दिवशी कॅप्टन म्हणाला, ‘वारा ईशान्येकडून, खाली साडेचार हजार मीटर पाणी.’ तिने पेन्सिल खाली ठेवली, मला घेऊन डेकवर आली आणि जहाजाच्या पाठीकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, ‘तीस वर्षं फळ्यावर बाण काढून व्यापारी वारे शिकवले. हे ते.’ आम्ही बराच वेळ तिथे होतो. शेजारच्या टेबलावरचे एक जर्मन आजोबा दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून नकाशा मागून घेऊन आपलाही ठिपका द्यायला लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

अझोर्सला थांबलात तर पोंटा देल्गाडात शहरात रेंगाळू नका. टॅक्सी करून सेते सिदादेशच्या ज्वालामुखीतल्या तळ्यांकडे जा, किंवा फुर्नासला, जिथे जमिनीच्या वाफेत भांडी पुरून जेवण शिजवतात. त्याच बेटावर १८८३ पासून चालत आलेला गोरेयाना चहाचा मळा आहे, आपल्याला तिथे उगाच घरी आल्यासारखं वाटतं. हवा स्वच्छ असेल तर वाटेत पिकू बेटाचा डोंगर दिसू शकतो, २,३५१ मीटर, आपल्या कळसूबाईहून सातशे मीटर उंच आणि थेट समुद्रातून उठलेला. ही सगळी बेटं अटलांटिकच्या मधोमध जाणाऱ्या बुडालेल्या पर्वतरांगेची वर डोकावणारी टोकं आहेत.

कपड्यांत दोन-तीन चांगले जोड ठेवा. फॉर्मल नाइटला पैठणी आणि नेहरू जॅकेट उत्तम चालतं, टाय-सूट विकत घेऊ नका. रबरी तळाचे बूट हवेतच, ओला डेक निसरडा असतो. हलत्या जहाजात जिन्याने जाताना एक हात कठड्यावर, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, तुम्हीही पाळा. सुटण्याआधी सुरक्षा कवायत होते, सात आखूड भोंगे आणि एक लांब. ती कंटाळवाणी म्हणून टाळू नका. आपली जागा कुठली ती पायांनी जाऊन बघून या.

पासपोर्टवरची तारीख बघितलीत की मला कळवा. केबिनचे दोन-तीन क्रमांक पाठवलेत तर वर-खाली काय आहे ते मी नकाशात बघून सांगतो. आणि कोरे नकाशे ठाण्यातच घेऊन ठेवा, जहाजावरच्या दुकानात ते मिळत नाहीत. वहिनींसाठी चार-पाच घ्या, शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मागतंच.